फॉल-इनची शिटी कॉलेजात वाजत नाही

फौजेतून निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या कॉलेजात नाव घातलं, आणि पहिल्याच सेमिस्टरला मायनर, म्हणजे दुय्यम, विषय मी निवडला नाही, तो माझ्या वाट्याला आला. निवडीचा फॉर्म तीन दिवस खुला होता. त्याची नोटीस कॉलेजच्या संकेतस्थळावर लागली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. ग्रुप अठरा वर्षांच्या मुलांनी केलेला. त्यात ‘अंकल’ला घ्यावं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आपणहून मागावं हे माझ्या. चौथ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी गेलो तर आतल्या बाई म्हणाल्या, “नोटीस लावली होती ना!”

चोवीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, काढली. तिथे फॉल-इनची, म्हणजे रांगेत उभं राहायची, शिटी वाजते, रोल कॉलला ऑर्डर वाचून दाखवतात, गार्डवर असलेल्याला वेगळा निरोप जातो, आणि तरीही कुणी चुकला तर त्याच्या सेक्शन कमांडरला आधी विचारतात. इथे नोटीस लागली म्हणजे सांगितलं, असा हिशेब. चूक माझीच होती, पण ती मी कुठल्या सवयीमुळे केली हे कळायला पुढचे चार महिने लागले.

त्यानंतर डिचोली, पेडणे, सत्तरीकडचे काही निवृत्त फौजी आणि वास्कोचे एक-दोन नेव्हीवाले ‘कॉलेजला जायचं म्हणतोय’ म्हणून विचारायला येऊ लागले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न फीचा. मी सांगतो, फी नंतर, आधी तारखा. त्यांना तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहितो.

आधी कुणाचं कॅलेंडर, ते ठरवा

गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. आज विद्यापीठात, म्हणजे ताळगावच्या पठारावर, मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. आणि पीएच.डी. चालतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, साखळी, खांडोळा, केपे अशा गावोगावच्या संलग्न कॉलेजांत. त्यामुळे कॅलेंडरं दोन असतात. विद्यापीठ सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, परीक्षांचा काळ आणि सुट्ट्या ठरवतं. कॉलेज त्या चौकटीत आपल्या चाचण्या, फॉर्मच्या तारखा, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन भरतं. मडगावच्या चौगुले कॉलेजासारखं स्वायत्त कॉलेज असेल, तर परीक्षांचं वेळापत्रकही त्याचं स्वतःचं.

फौजेच्या भाषेत सांगायचं तर विद्यापीठाचं कॅलेंडर म्हणजे वरच्या हेडक्वार्टरचं ट्रेनिंग कॅलेंडर, आणि कॉलेजचं म्हणजे युनिटची रोजच्या कामांची पार्ट वन ऑर्डर. आपला दिवस ठरतो तो पार्ट वनवर. म्हणून विद्यापीठाची पीडीएफ उतरवून फोनमध्ये ठेवली की झालं, असं समजू नका. कॉलेजच्या ऑफिसातून त्यांचा कागद घ्या आणि त्यावर ‘सुधारित’ असा शब्द आहे का ते बघा. नसेल, तर तो लवकरच येणार आहे असं धरून चाला.

पहिल्या वर्षाची सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या बरोबर होत नाही. जुनी मुलं जूनमध्ये वर्गात बसतात, नवे प्रवेश चालूच असतात. कॅलेंडरवरचा पहिला तक्ता बघून ‘कॉलेज सुरू झालं, आपण राहिलो’ म्हणून घाबरलेला माणूस मी पाहिला आहे. त्याचा तक्ता खालचा होता.

तुमचं वर्ष जूनला सुरू होत नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

फौजेतून सुटका होते ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी, आणि तो महिना तुमच्या भरतीच्या तारखेवर किंवा वयावर ठरतो. कॉलेजची दारं मात्र वर्षातून एकदाच उघडतात, साधारण मे-जूनच्या सुमारास. या दोन तारखा एकमेकींना ओळखत नाहीत. जो ३१ मेला सुटतो त्याचं नशीब बरं. जो ३१ ऑगस्टला सुटतो तो घरी येतो, चवथ करतो, दिवाळी करतो, ओळखीतून कुठेतरी सिक्युरिटीची नोकरी धरतो, आणि पुढचा जून येईतो कॉलेजचा विचार मागे पडलेला असतो. मी चारजण असे मोजले आहेत.

म्हणून रिलीजचा महिना कळला की लगेच एका कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला रिलीजची तारीख, उजव्या टोकाला पुढचा जून. मधले महिने मोजा आणि त्यांचं काय करायचं ते आताच लिहा.

रिलीज फेब्रुवारी ते मे या काळात असेल, तर काम फक्त कागदपत्रांचं. सरळ जूनच्या प्रवेशाला जा.

रिलीज जून ते ऑगस्टमध्ये असेल, तर पेच आहे. प्रवेश चालू असताना तुम्ही रजेवर घरी असाल, पण कागदोपत्री अजून सेवेत. युनिटची लेखी परवानगी असल्याशिवाय नियमित वर्गात नाव घालू नका. ती मागायची असेल तर रजेवर निघण्याआधी मागा, घरून फोन करून नव्हे. आणि कॉलेजच्या प्राचार्यांना आधी भेटून विचारा की पहिल्या काही आठवड्यांच्या हजेरीचं काय. तोंडी ‘बघू’ मिळालं, तर ते उत्तर नाही.

रिलीज सप्टेंबर ते जानेवारीत असेल, तर जूनची वाट बघण्यापेक्षा इग्नूकडे, म्हणजे घरी बसून शिकायच्या केंद्रीय मुक्त विद्यापीठाकडे, बघा. तिथे जानेवारी आणि जुलै अशी प्रवेशाची दोन सत्रं असतात आणि परीक्षा जून व डिसेंबरमध्ये. प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे. नोकरी धरून शिकायचं असेल तर हाच रस्ता सोयीचा, कारण आपली नियमित कॉलेजं दिवसाची असतात. पण एक सांगून ठेवतो. इग्नूत सवय लावणारं कुणीच नसतं. असाइनमेंट परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी द्याव्या लागतात, आणि त्या राहिल्या तर पेपर चांगला लिहूनही निकाल अडकतो. ‘मुदत वाढते’ असं सगळे सांगतात. वाढते खरी, पण तुमचं नियोजन मूळ तारखेवर करा.

अग्निवीरांसाठी हा पेच आणखी घट्ट आहे. त्यांची चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात, म्हणजे नेमकं कॉलेजचं वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना. त्यांच्यासाठी इग्नूच्या खास पदवीची तरतूद जाहीर झाली आहे, तीत निम्मे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायचे अभ्यासाचे एकक, सेवेतल्या कौशल्य-प्रशिक्षणाचे धरले जातात. ज्यांना पूर्णवेळ कॉलेजच हवं आहे त्यांनी मधले सहा महिने आधीच कशाला तरी बांधून ठेवावेत. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर ‘माजी सैनिक’ या रकान्यावर खूण करण्याआधी थांबावं. योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला तो दर्जा मिळत नाही.

बारावी आहे का?

हे विचारायला नको वाटतं, पण विचारतो. सोल्जर जीडीला, म्हणजे जनरल ड्युटीच्या शिपायाला, दहावीवर घेत. मधल्या वीस वर्षांत मॅप रीडिंगपासून केडरपर्यंत ढीगभर कोर्स झाले, पण बारावी राहिलीच, असे खूपजण आहेत. फौजेतलं शिक्षणाचं प्रमाणपत्र बारावीच्या जागी चालेलच असं गृहीत धरू नका. ज्या कॉलेजात जायचं आहे तिथे आणि पर्वरीच्या गोवा बोर्डाकडे समकक्षतेची चौकशी करा, उत्तर लेखी घ्या. बारावी करायचीच असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. ऑक्टोबरची परीक्षा धरली तर पुढच्या जूनच्या आत निकाल आणि मायग्रेशन सर्टिफिकेट हातात पडायला वेळ मिळतो. एप्रिलची धरली तर निकाल आणि प्रवेशाची तारीख यांची शर्यत लागते.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या पदवी-समकक्ष प्रमाणपत्राचा. ते सरकारी नोकरीतल्या गट ‘क’च्या पदांसाठी आहे. ते घेऊन ताळगावला एम.ए.च्या प्रवेशाला जाऊ नका. विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी जीयू-आर्ट नावाची चाचणी असते. तिचा अर्ज आणि चाचणी हे सगळं सत्र सुरू व्हायच्या बरंच आधी उरकतं. म्हणजे पदव्युत्तरवाल्यांनी जूनकडे नव्हे, वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांकडे डोळा ठेवायचा.

नावाचं प्रकरण

डिस्चार्ज बुकात माझं नाव एका पद्धतीने, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. एकात वडिलांचं नाव मध्ये, एकात आडनाव आधी, एकात आडनावच नाही. फौजेत यामुळे काही अडलं नाही, तिथे माणूस आर्मी नंबरने ओळखला जातो. कॉलेजात आता प्रत्येक विद्यार्थ्याचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा राहण्याचं, खातं डिजिलॉकरमधून निघतं, आणि ते आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. नाव जुळलं नाही की खातं अडतं. खातं अडलं की परीक्षेच्या वेळी धावपळ.

सेवेत असताना नावाची दुरुस्ती युनिटच्या ऑफिसातून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीतल्या बदलाची ऑर्डर, काढून होते. बाहेर पडल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्यात महिने जातात. म्हणून हे काम रिलीजच्या किमान वर्षभर आधीचं. हेडक्लार्कच्या टेबलावर मागे लागून करून घ्या, तेवढी ओळख तिथे असतेच. रहिवासी दाखला लागणार असेल तर मामलेदार कार्यालयाचे दिवसही आधीच मोजा. पोस्टिंगमुळे तुम्ही वर्षानुवर्षं गोव्याबाहेर होतात, हे तिथे समजावून सांगावं लागतं, त्यासाठी सेवेच्या नोंदींच्या प्रती बरोबर ठेवा.

गोव्याचं वर्ष कसं वाचायचं

वर्षाचे दोन भाग. विषम सेमिस्टर पावसात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपतं, सम सेमिस्टर थंडीत सुरू होऊन एप्रिल-मेच्या घामात. एका सेमिस्टरमध्ये साधारण नव्वद शिकवण्याचे दिवस बसवायचे असतात. ते बसत नाहीत, आणि मग शनिवार खाल्ले जातात. कॅलेंडरवर मोकळा दिसणारा शनिवार मोकळा आहे असं समजून नोकरीची शिफ्ट लावून घेऊ नका. पावसात रेड अलर्टला सुट्टी मिळाली तरी ती उधार असते.

पहिला मोठा खांब चतुर्थीचा. बाहेरच्या राज्यात चतुर्थीची सुट्टी एक-दोन दिवसांची, आपल्याकडे कॉलेज काही दिवस बंदच असतं. पण ती कधी येते यावर अख्खं सेमिस्टर हलतं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, आणि दिवाळी थेट ८ नोव्हेंबरला. २०२७ मध्ये पुन्हा ४ सप्टेंबर. म्हणजे गेल्या वर्षीच्या मित्राच्या वहीवरून तुमचं वर्ष आखता येत नाही. चतुर्थी लवकर आली तर सुट्टीआधी शिकवणं थोडं आणि चाचण्या सुट्टीनंतर. उशिरा आली तर पहिली चाचणी बहुधा सुट्टीआधीच उरकतात, आणि मग सत्रान्त परीक्षा दिवाळीच्या कुठल्या बाजूला पडते हा खरा प्रश्न. कॅलेंडर हातात आलं की मी सगळ्यात आधी या दोन तारखांना लाल गोल करतो, बाकीचं त्यांच्याभोवती वाचतो.

डिसेंबर फसवा आहे. ३ तारखेला सां फ्रांसिस्क शाव्हियेरचं फेस्त, १९ ला मुक्तिदिन, मग नाताळची सुट्टी थेट नव्या वर्षापर्यंत. सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं, काही शिकवून झालेलं नसतं, आणि महिना निघून जातो. फेब्रुवारीत कार्निव्हल, त्याच्या मागोमाग शिगमो. २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक अपेक्षित आहे. कॉलेजच्या इमारती आणि प्राध्यापक दोन्ही निवडणुकीच्या कामाला लागतात, तेव्हा त्या सम सेमिस्टरच्या तारखा पेन्सिलीनेच लिहा.

घरात शाळेची मुलं असतील, तर आणखी एक. गोव्यात २०२५ पासून वरच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं. म्हणजे तुमची परीक्षा आणि मुलाची नवी पुस्तकं, युनिफॉर्म, बसची व्यवस्था एकाच पंधरवड्यात. बायकोला हे आधी सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं.

आणि नोव्हेंबर. पेन्शनरांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना तोच, सेमिस्टरच्या पेपरांचा महिनाही बहुधा तोच. पेपर सुरू व्हायच्या आत तो फोनवरून देऊन टाका. पेपरांच्या मधल्या दिवशी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलशी झुंजत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय लिहिणार?

क्रेडिट म्हणजे तास, तास म्हणजे हजेरी

२०२३-२४ पासून गोव्यात पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, बहुविद्याशाखीय, क्षमता-संवर्धन, कौशल्य, मूल्यवर्धित असे विषयांचे गट आले. पहिल्यांदा तो तक्ता बघितला तेव्हा मला युनिटचा ड्युटी रोस्टर त्यापुढे सोपा वाटला. पण गणित साधं आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. सेमिस्टरला साधारण २० क्रेडिट.

हजेरीची अट ७५ टक्के. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयात ४५ तास बसायलाच हवं, १५ तास तुमच्या खिशात. पंधरा हा आकडा मोठा वाटतो. पण ते विषयागणिक मोजलं जातं. आठवड्याचे चार तास असतील, तर पावणेचार आठवड्यांत खिसा रिकामा.

फौजेत गैरहजर राहायची आपली टाप नव्हती, म्हणून प्रत्येक माजी सैनिकाला वाटतं की हजेरीची अडचण मुलांना येईल, आपल्याला नाही. होतं उलटं. वीस-चोवीस वर्षं घरापासून लांब राहिलेल्या माणसावर गावाचा मोठा उधार असतो. पुतण्याचा साखरपुडा, देवळातली जत्रा, भावकीतली जमिनीची मोजणी, कुणाला बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं आहे. सगळ्यांचं वाक्य एकच, “तू आता घरीच आहेस ना?” चतुर्थीच्या सुट्टीत हजेरी जात नाही, ती जाते सुट्टीआधीच्या दोन दिवसांत, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला. माझ्या पहिल्या सेमिस्टरला एका विषयात मी बासष्ट टक्क्यांपर्यंत घसरलो होतो. त्यानंतर एकही तास न चुकवता कसाबसा वर आलो.

तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक विषयासाठी पंधरा चौकोन आखतो. तास चुकला की एक चौकोन काळा. दहा झाले की घरात जाहीर करतो, आता मी ड्युटीवर आहे.

जुनं दुखणं, पाठीचं किंवा कानाचं, घेऊन सुटलेल्यांनी लष्करी हॉस्पिटलातल्या किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेच्या तारखा शक्य तेवढ्या मे महिन्यात किंवा सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत घ्याव्यात. तसं जमलं नाही, तर वैद्यकीय दाखला त्याच आठवड्यात कॉलेजात द्या आणि पोच घ्या. वर्षाअखेरी दाखल्यांचा गठ्ठा नेऊन ठेवला की कुणालाही शंका येतेच.

उलट मोजणी

कॅलेंडर जानेवारीकडून डिसेंबरकडे वाचायचं नाही. पहिल्या पेपरची तारीख ‘डी’ धरा आणि मागे या.

कॅलेंडरवर एकच तारीख छापलेली असते, ‘सत्रान्त परीक्षा अमुक तारखेपासून’. तिच्या पोटात बाकीच्या पाच लपलेल्या असतात. परीक्षेचा फॉर्म आणि फी भरायची मुदत. मग विलंब शुल्कासह मुदत. हजेरीत कमी पडलेल्यांची यादी लागायचा दिवस. प्रात्यक्षिकं आणि जर्नल तपासणी. हॉल तिकीट. या तारखा कॅलेंडरवर नसतात, सर्क्युलरने येतात. पण गेल्या वर्षीची सर्क्युलरं ऑफिसात किंवा संकेतस्थळावर सापडतात. त्यांवरून परीक्षेच्या किती दिवस आधी काय होतं, हे अंतर काढता येतं. तारीख बदलते, अंतर फारसं बदलत नाही. मी माझ्या कॉलेजचा हा तक्ता एका संध्याकाळी बसून केला. प्रत्येक कामापुढे आणखी दहा दिवस मागची तारीख टाकली आणि तीच खरी मानली. फौजेत तयारीची वॉर्निंग ऑर्डर आधी, निघायची मूव्ह ऑर्डर नंतर, तसं.

अंतर्गत गुणांचं वेगळं बघा. बऱ्याच कॉलेजांत त्याला आयएसए म्हणतात. त्यात चाचणी, असाइनमेंट, सादरीकरण असं काहीही असू शकतं, आणि प्रत्येक प्राध्यापक आपली तारीख वर्गात तोंडी सांगतात. ती कुठल्याच कागदावर येत नाही. त्या तासाला तुम्ही पुतण्याच्या साखरपुड्याला असाल, तर कळणारच नाही. म्हणून वर्गातली दोन मुलं धरून ठेवा, एक पुढच्या बाकावरचं आणि एक मागच्या. पुढच्याला तारीख माहीत असते, मागच्याला ती पुढे ढकलली का हे.

विषय निवडीची खिडकी मात्र परीक्षेच्या टोकाला नसते, ती सत्राच्या तोंडाशी असते आणि दोन-तीन दिवसांत बंद होते. माझं जे झालं ते वर सांगितलंच. भाषेचा विषय निवडताना मराठी, कोंकणी, इंग्रजी यांपैकी कॉलेजात काय मिळतं हे प्रवेशाआधीच विचारा. पुढे ताळगावला मराठीत एम.ए. करायचा विचार असेल, तर पहिल्या वर्षीच्या निवडीचे धागे तिथवर जातात.

मध्येच थांबावं लागलं तर

बँकेत किंवा सरकारी खात्यात माजी सैनिकांच्या जागेवर नंबर लागला आणि रुजू व्हायचं पत्र ऑक्टोबरात आलं, असं होतं. तेव्हा तडकाफडकी कॉलेज सोडू नका. नव्या रचनेत ४० क्रेडिट झाले की प्रमाणपत्र, ८० झाले की पदविका, १२० ला पदवी आणि १६० ला ऑनर्स. बाहेर पडणं सम सेमिस्टरच्या शेवटी धरलेलं आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं असेल, तर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांची मर्यादा आहे. नोव्हेंबरात अर्ध्यावर सोडलेल्या सेमिस्टरचे क्रेडिट खात्यात पडत नाहीत. रुजू व्हायची तारीख काही आठवडे पुढे मागता येत असेल, तर ती मागून पेपर देऊन टाका.

पैशाचं, थोडक्यात

इंटरनेटवर ‘माजी सैनिक विद्यार्थी’ शोधलं की अमेरिकेची माहिती ओतली जाते. तिथे १९४४ पासून जीआय बिल आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या काळातल्या सैनिकांसाठी फीबरोबर घरभाड्याचा भत्ताही मिळतो, आणि तो शिकत असलेल्या काळापुरताच. म्हणून तिकडच्या सैनिकाला सत्र कधी सुरू होतं, कधी संपतं याची रोजच्या भाकरीसाठी काळजी. आपलं पेन्शन कॉलेज चालू असो वा बंद, महिन्याला येतं. तिकडचं वाचून इकडे ऑफिसात भत्ता मागायला जाऊ नका.

आपल्याकडची पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांची मुलं आणि वीरपत्नी-विधवा यांच्यासाठी आहे. मुलग्यांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये, तेही व्यावसायिक अभ्यासक्रमांना. केंद्रीय सैनिक मंडळाचं शिक्षण अनुदानही हवालदारपर्यंतच्या हुद्द्यासाठी आणि दोन मुलांपुरतं. म्हणजे बाप-लेक दोघं कॉलेजात असतील, तर अर्ज लेकीच्या नावाने करायचा. पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करताना ‘स्वतःसाठी’ आणि ‘पाल्यासाठी’ हे दोन शब्द स्पष्ट उच्चारा. प्रवेशातल्या राखीव जागांबाबतही हाच प्रश्न कॉलेजात विचारा.

भिंतीवरचा कागद

माझ्या खोलीत दोन कागद शेजारी-शेजारी आहेत. डावीकडे कॉलेजचं कॅलेंडर, उजवीकडे माझी उलट मोजणी. सुधारित कॅलेंडर आलं की जुनं फाडत नाही, त्यावर तिरकी रेघ मारून नवं वर डकवतो. कुणी ऑफिसात ‘तारीख तर हीच होती’ म्हणालं तर दाखवायला कागद लागतो. रोज सकाळी चहा घेताना पुढचे चौदा दिवस वाचतो, त्यापलीकडचं नाही. सोमवारी आणि गुरुवारी नोटीस बोर्डापुढून जायचं, काम असो वा नसो. संकेतस्थळ आणि बोर्ड यांत कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो.

वर्गाच्या ग्रुपमध्ये आता मी आहे. दुसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, मुलीला जाऊन नंबर दिला. तिने तो ‘हवालदार अंकल’ म्हणून सेव्ह केला. ग्रुपवर मी काही लिहीत नाही, फक्त सर्क्युलर वाचतो आणि तारीख वहीत उतरवतो. परवा रात्री साडेदहाला फोन आला, मागच्या बाकावरचा एकजण होता. “अंकल, फॉर्मची शेवटची तारीख काय हो?”